मल्लखांबाची गिटार

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गिटार भरीव असते. सगळ्या नसतात, पण माझी होती, आणि ती भरीवच असायला हवी होती. ‘आत पोकळ का न्हाय ओ ठेवलीसा?’ हा प्रश्न मला आजवर आमच्या गल्लीनं, ऑफिसनं, सासुरवाडीनं, न्हाव्यानं गळ्यावर वस्तरा ठेवून, आणि कळंब्याच्या जेलातून नुकत्याच सुटून आलेल्या एका इसमानं विचारलेला आहे. ह्या शेवटच्याशी तर माझी ओळखसुद्धा नव्हती. यापुढं जो कोणी विचारील त्याच्या डोक्यात मी तीच गिटार घालणार आहे. वजन भरपूर आहे तिला, कमी पडायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा राग कशापायी? सांगतो. ऐकून तुमचं डोकं फिरलं नाही तर नाव बदलीन.

आमच्या बोळाच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिच्या माडीवर कायतानमास्तर राहायचे. मूळचे गोव्याचे. कोल्हापुरात सिनेमे निघत होते तोवर स्टुडिओत क्लॅरिनेट वाजवायचे, आणि स्टुडिओ थंडावल्यावर लग्नाच्या बँडमध्ये. पण माणसाचा सगळा जीव जॅझवर. संध्याकाळी शॉर्टवेव्हवर खरखरीतून कुठल्या तरी परदेशी स्टेशनवर जॅझ लागायचं, ते आम्ही दोघं रेडिओच्या जाळीला कान लावून ऐकायचो. मग वाजवायचो. ते क्लॅरिनेटवर आणि मी माझ्या साध्या पोकळ गिटारीवर. मी जकात खात्यात हेडक्लार्क. जकातीतला माणूस जॅझ वाजवतो म्हटलं की लोक फिदीफिदी हसतात. तमासगिरांच्या तंबूत पुढच्या रांगेत बसणारे अव्वल कारकून ह्यांना चालतात, पण मी चार भिंतीत गिटार धरली की लगेच ‘हेर्लेकरांचं काय बिनसलंय का हो?’

मास्तर शिकवायचे म्हणजे शिव्या द्यायचे. त्यांनी तरुणपणी बांधलेली एक चाल होती, तिला नावही नव्हतं. ती रोज वाजायची. मास्तरांचे हात थरथरायचे, म्हणून क्लॅरिनेटचं खालचं तोंड ते टेबलाच्या कडेवर नाही तर खुर्चीच्या हातावर टेकवायचे आणि डोळे मिटून सुरू करायचे. त्या चालीत एका जागी मायनर कॉर्ड येतो. म्हणजे इतका वेळ ताठ चाललेला सूर तिथं एकदम मान खाली घालतो, एवढं समजलं तरी पुरे. माझा हात नेमका तिथं मेजरवर, म्हणजे ताठ मानेच्याच कॉर्डवर, पडायचा. पडला रे पडला की मास्तर तोंडातलं क्लॅरिनेट काढून गर्जायचे, “मायनर रे गाढवा! मायनर!” खाली दळण घेऊन आलेल्या बायकांनासुद्धा तो शब्द पाठ झाला होता.

मग मास्तरांचे कान गेले. जन्मभर ढोल आणि ट्रंपेट यांच्या मधे उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? एका वरातीत गाणं संपलं, नवरदेव घोड्यावरनं उतरला, लोक जेवायला गेले, आणि मास्तर आपले रस्त्यात एकटेच वाजवत उभे. बँडमालकानं दुसऱ्या दिवशी बँडचा झालरीचा ड्रेस परत मागून घेतला. त्या माणसाचाही मला राग आहे, पण तो विषय वेगळा.

“माझं मला येतं रे ऐकू,” मास्तर म्हणाले. “क्लॅरिनेट दातांत धरतो ना, ते दातांतून कवटीत जातं. बाकी सगळं जग बंद.”

माझी गिटार त्या बाकीच्या जगात गेली. मी खात्री करायला म्हणून मायनरच्या जागी मुद्दाम मेजर वाजवला. चांगला ठोकून वाजवला. मास्तरांनी मान डोलावली आणि म्हणाले, “छान, छान.”

ते ‘छान’ ऐकलं आणि मला भडभडून आलं. आणि पाठोपाठ राग आला. कुणाचा ते ठाऊक नाही, पण आला. इतकी वर्षं ज्यानं मला एकदा बरं म्हटलं नाही तो माणूस ‘छान’ म्हणतो? त्यात मास्तरांच्या बहिणीचा म्हापश्याहून सांगावा आलेला, आता एकटे राहू नका, इकडं या. दिवाळीच्या आधी जाणार असं ठरलं. मी मनाशी म्हटलं, हा माणूस कोल्हापूर सोडायच्या आत त्याच्या कानात माझी गिटार एकदा घालीन तर खरा. मला त्याच्या तोंडून एकदा ‘गाढवा’ ऐकायचं होतं. लोक अंबाबाईकडं काय काय मागतात, माझं मागणं एवढंच.

मोठा आवाज पाहिजे म्हणजे वीज आली. रेडिओच्या पाठीमागं ग्रामोफोन जोडायचं भोक असतं. मी जुन्या टेलिफोनातलं लोहचुंबक काढून पोकळ गिटारीत बसवलं, त्याची वायर रेडिओत खोचली, आणि बटण पिळलं. जो आवाज निघाला तो माझ्या वैऱ्याच्या कानी न पडो. स्पीकरचा आवाज गिटारीच्या पोकळ पोटात शिरतो, तिथं घुमतो, परत स्पीकरमधून बाहेर पडतो, परत पोटात शिरतो. कुईऽऽऽ असं जे सुरू झालं ते थांबेना. शेजारच्या तानाबाईंच्या म्हशीनं दावं तोडलं आणि ती रंकाळ्याच्या दिशेनं चालती झाली.

तानाबाई दारात. “हेर्लेकर, म्हस आटली तर दूध तुम्ही देणार हायसा व्हय?”

मी सरकारमान्य पदवीधर माणूस, आणि माझ्याकडं दुधाची मागणी.

मास्तरांना ते सारं लिहून दाखवलं तेव्हा ते हसले. “पोकळ नको. मुंबईत मी बघितली होती एका हॉटेलात, भरीव लाकडाची. नुसती फळी. आवाज आत शिरायला जागाच नाही, मग किंचाळणार कुठून? तारा जाड लाव, बटण निम्मं बंद कर, मग बघ कसा गोल आवाज येतो. जॅझला तोच पाहिजे.”

झालं. चूक माझी एवढीच की ‘लाकूड पाहिजे’ हे वाक्य मी बोळात उभं राहून मोठ्यानं बोललो.

आकाराम वस्ताद समोरच्या तालमीचे. अंगानं दांडगे, मनानं त्याहून दांडगे, आणि मदत करायची म्हटली की समोरच्याला चीतपट केल्याशिवाय सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पैलवानांच्या खांद्यावर एक अख्खा खांब माझ्या सोप्यात आला.

“हेर्लेकरसाहेब, तालमीचा जुना मल्लखांब हाय. वरनं तडकलाय म्हणून काढला. सागवान हाय अस्सल. आमच्या आज्ज्यापासनं तेल पितोय.”

“वस्ताद, मला एक फळी हवी होती.”

“मग चिरा की! आपल्यात परकं काय हाय व्हय?”

ते तेल पितोय म्हणजे काय हे मला नंतर कळलं. मल्लखांबाला घसरट राहावा म्हणून एरंडेल चोळतात. तीन पिढ्यांचं एरंडेल त्या लाकडाच्या हाडात मुरलेलं. खांब उभा चिरला, दोन फळ्या निघाल्या, त्या शेजारी शेजारी चिकटवायच्या तर सरस धरेना. रात्री आवळून ठेवावं आणि सकाळी बघावं तर दोघी दोन दिशांना तोंड करून पडलेल्या. पॉलिश दिलं तर ते वाळेना. घरभर वास असा की पाहुणे नुसते दारात आले तरी पोट धरून परत जायचे.

हे एक. आणि दुसरं म्हणजे मल्लखांबाच्या पाया पडल्याशिवाय अंगाला माती लावायची नाही, असा त्या तालमीचा नेम. नवा खांब अजून पुरला नव्हता. तेव्हा वस्तादांनी पोरांना सांगितलं, जुना खांब हेर्लेकरांकडं हाय, तिथं जाऊन पाया पडा. रोज पहाटे लंगोट लावलेले दहा-बारा पैलवान रांगेनं माझ्या सोप्यात यायचे, माझ्या अर्धवट कापलेल्या गिटारीला नमस्कार करायचे आणि जायचे. मी अंथरुणात. डोळे उघडावेत तर समोर मांड्या.

आमची ही म्हणाली, “अहो, ही माणसं रोज येतात. चहा टाकायचा की नाही, ते एकदा ठरवा.”

भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ते हेच. पण बोलायची सोय नाही. लाकूड त्यांचं.

सरस धरत नाही म्हटल्यावर फळ्या लोखंडानं आवळायच्या ठरल्या. त्यासाठी मी उद्यमनगरात ज्ञानू मिस्त्रीकडं गेलो. ज्ञानू बिडाचं ओतकाम करायचा, आणि मोटारींची वायरिंगही भरायचा. मी त्याला दोन पट्ट्या आणि तारा ज्यावर टेकतात ती बोटाएवढी घोडी, यांचं नीट मापाचं चित्र काढून दिलं. ज्ञानूनं चित्र बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याला माझी दया आली.

आठवड्यानं गेलो तर इंजिनाच्या हेडाबरोबर माझी घोडी ओतून तयार. ती उचलायला मला दोन्ही हात लागले.

“ज्ञानू, हे काय केलंस?”

“मजबूत केलीया की. तुमचं चितार लई नाजूक हुतं ओ. तार तुटंल, माणूस तुटंल, ही तुटायची न्हाय.”

“अरे, मी गिटार करतोय, विहिरीवर पंप बसवत नाही!”

“मग आधी सांगायचं न्हवं तसं?”

आधी सांगायचं! मी चित्रावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. सूर विजेत उतरवायला तारांखाली जे चुंबक बसतं, त्याला गुंडाळायची तार केसासारखी बारीक पाहिजे, तर म्हणे बारीक तार जळती, आणि लगेच पाणबुडी मोटारीची जाड तार गुंडाळायला घेतली. मग मात्र मी रजा टाकून त्याच्या डोक्यावर बसून राहिलो आणि पाहिजे तशीच गुंडाळून घेतली. घोडी कानसून कानसून जेमतेम निम्मी केली. पण निम्मी म्हणजेसुद्धा वरवंटा.

आता राहिला दांडा आणि त्यावरचे पडदे. मिरजेला गैबीभाई म्हणून सतारी करणारे होते. काम देखणं, बोलणं त्याहून देखणं, आणि दुसऱ्याचं ऐकायची बात नाही. त्यांनी माझी भरीव फळी बोटानं ठोकून बघितली आणि त्यांचा चेहराच पडला.

“साहेब, आत कायच नाय?”

“नाही. मुद्दाम नाही.”

“सूर म्हणजे भाडेकरू असतो साहेब. खोलीच नाय दिली तर तो ऱ्हाणार कुठं?”

“तो विजेवर राहणार आहे,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त दांडा लावा. पडदे पक्के ठोका, ह्या मापावर. बाकी काही करू नका. काही म्हणजे काहीच नको.”

“बेफिकीर जावा,” गैबीभाई म्हणाले. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

परत गेलो तेव्हा गिटार मखमली कापडाखाली झाकून ठेवलेली. गैबीभाईंनी नवरीचा पदर बाजूला करावा तसं कापड काढलं. दांड्याच्या टोकाला मोर. पिसारा, तुरा, डोळ्यांत लाल मणी. फळीवर द्राक्षांची पांढरी नक्षी. पडदे सतारीसारखे दोऱ्यानं बांधलेले, खालीवर सरकणारे. आणि मूळ तारांच्या खाली झंकारासाठी तरफांची अख्खी रांग.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “गैबीभाई, हे काय आहे?”

“गरिबी दिसत होती साहेब वाद्यात. बघवत नव्हतं. आन् पडदे सरकते ठेवलेत. राग बदलला की सरकवा.”

“जॅझमध्ये एका गाण्यात दहा वेळा बदलतं! मी वाजवू का पडदे सरकवू?”

“असलं कसलं गाणं म्हणायचं ते?” गैबीभाईंनी शांतपणे विचारलं.

मी दुकानात उभा राहून ओरडलो. रस्त्यावर माणसं जमली. शेवटी तरफा काढल्या, पडदे मापावर पक्के ठोकले, पण मोर काढायला गैबीभाईंनी साफ नकार दिला. म्हणाले, जीव घालून कोरलाय, तोडायचा असेल तर माझ्यादेखत नको. मोर राहिला.

आणि मिरजेहून परत येताना त्या मोरानं मला जकात नाक्यावर अडकवलं.

माझ्याच खात्याचा नाका. नाक्यावरचा बाबासो मीच हाताला धरून शिकवलेला. एसटी थांबली, बाबासो आत आला, मला बघून हसला, नमस्कार केला, आणि मांडीवरच्या मोराकडं बघून त्याचं हसू गेलं.

“साहेब, हे काय?”

“वाद्य आहे. गिटार. जाऊ दे गाडी.”

बाबासोनं ती उचलून बघितली आणि त्याचा हात खाली गेला. “लई जड हाय ओ. वाद्य म्हणताय तर वाजवून दाखवा की.”

सगळी एसटी वळून बघायला लागली. मी तार छेडली. टिक्. दुसरी छेडली. टिक्. विजेशिवाय ती काय बोलणार? चुलीत पडलेलं लाकूडसुद्धा त्याहून मोठ्यानं बोलतं.

“वाजत न्हाय,” बाबासो म्हणाला.

“लाईट लागते रे तिला!”

“साहेब, तुम्हीच शिकवलंय न्हवं आमाला? माल मालकाच्या तोंडावरनं ओळखायचा न्हाय, मालावरनं ओळखायचा. न वाजणारी वस्तू वाद्यात कशी धरू? इमारती लाकडात धरावं तर नक्षी हाय. बिडाचं सामान धरावं तर मोर हाय.”

मागच्या बाकावरनं एक पावणं म्हणालं, “पोकळ असती तर वाजली असती की.” दुसरं म्हणालं, “व्हय, फसवलंय ह्यास्नी कुणीतरी.” कंडक्टर घंटी धरून उभा. शेवटी माझ्या गिटारीवर, माझ्याच खात्यानं, माझ्याच शिष्याच्या हातानं ‘कोरीव फर्निचर’ म्हणून जकात घेतली. पावती अजून आहे. फाडायला काढतो आणि परत ठेवतो, कारण एक दिवस ती मी कुणाच्या तरी तोंडावर मारणार आहे.

पण घरी आलो, जाड तारा चढवल्या, वायर रेडिओत खोचली, बटण निम्मं पिळलं, आणि एकच कॉर्ड वाजवला.

काय सांगू तुम्हाला! कुई नाही, खरखर नाही. गोल, काळसर, उसाच्या रसाच्या काकवीसारखा दाट आवाज. सावकाश उठला आणि सावकाश बसला. आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि काही न बोलता उंबऱ्यावर बसली. लग्नापासून पहिल्यांदा असं झालं. मी आवाज आणखी चढवला, कानाशी धरला तर मास्तरांनासुद्धा ऐकू जावा इतका, तरी ती गिटार किंचाळली नाही. मी मनात म्हटलं, हेर्लेकर, जिंकलास.

तेवढ्यात खिडकीत आकाराम वस्तादांचं तोंड.

“साहेब! आमचा मल्लखांब बोलाय लागला की ओ!”

मला फक्त एक खोली हवी होती. खोलीत मास्तर, मी, रेडिओ आणि बंद दार. मास्तर चार दिवसांनी सकाळच्या गाडीनं जाणार, आदल्या संध्याकाळी त्यांना घरी बोलवायचं, स्पीकर त्यांच्या कानाशी ठेवायचा आणि वाजवायचं. एवढाच बेत. पण वस्ताद म्हणाले, “बंद खोलीत वाजवतासा व्हय? तालमीचं लाकूड हाय. तालमीतच वाजणार.” मी नाही म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांचे कान कुस्तीत फुटलेत, पण नको ते ऐकू न येण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

त्या संध्याकाळी तालमीच्या पटांगणात मांडव. रंगीत दिव्यांच्या माळा. ज्ञानूनं मोटारीच्या खोक्यातनं आणलेले दोन मोठे कर्णे. हलगी. नारळ. तानाबाई म्हशीसकट हजर, म्हणाल्या, बघू दे की तिला बी, भ्या गेलं तर गेलं. हे सगळं, म्हणजे दिवे, कर्णे आणि माझा रेडिओ, खांबावरच्या एकाच तारेला आकडा टाकून जोडलेलं. मी म्हटलं, “वस्ताद, एवढा भार सोसायचा नाही.”

“ज्ञानूनं फ्यूजला जाड तार घातलीया. भिऊ नगासा.”

मास्तर आले. जुना काळा कोट घातलेला, काखेत क्लॅरिनेटची पेटी. एवढी गर्दी कशासाठी ते त्यांना कळेना. वस्तादांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, फेटा बांधला आणि भाषण केलं. त्यात तालमीचा इतिहास आला, मल्लखांबाचा आला, मास्तरांचा मात्र राहून गेला. मी गिटार मांडीवर घेतली. एरंडेलाचा डाग पँटवर पसरायला लागला. मी मास्तरांकडं बघितलं, बटण पिळलं आणि तारेवर हात टाकला.

खांबावर फाडकन् आवाज झाला. निळा जाळ दिसला. आणि अख्खी गल्ली काळीठिक्कर.

हलगी थांबली. म्हैस मात्र ओरडली.

“वायरमन कुठाय?” कुणीतरी विचारलं. वायरमन कुरुंदवाडला मेव्हण्याच्या लग्नाला गेलेला, उद्या दुपारी येणार. मास्तरांची गाडी सकाळी. कुणीतरी कंदील आणला, कुणीतरी बत्ती पेटवली, आणि मग जे व्हायचं तेच झालं.

“तसंच वाजवा की, बिनलाइटीचं!”

मी छेडलं. टिक्.

“काय न्हाय येत ओ ऐकू.” “पोकळ ठेवली असती तर?” “मी पयल्या दिसापासनं म्हणतोय, आत खोली पायजे.” “त्यापेक्षा हलगी लावा.” “भोक पाडू का आता? ज्ञानूकडं गिरमिट हाय.”

माझा तोल गेला. मी उभा राहिलो. “गप्प बसा सगळे! मागितलं होतं मी तुमच्याकडं काही? एक फळी मागितली तर खांब आणला! घोडी मागितली तर वरवंटा ओतला! नको म्हटलं तर मोर कोरला! मला ह्या एका माणसाला एक गाणं ऐकवायचं होतं, एक! दिवे कुणी मागितले? कर्णे कुणी मागितले? उद्या हा माणूस जाणार, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या डोक्याला फेटा बांधलात आणि कानाला कुलूप लावलंत!”

कोल्हापुरात एवढी माणसं एका वेळी गप्प बसलेली मी त्याआधी बघितली नव्हती. वस्ताद खाली मान घालून मातीत पायानं रेघा ओढायला लागले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. मी गिटार परत मांडीवर घेऊन खाली बसलो.

मास्तरांना ह्यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं. पण माझं तोंड त्यांना दिसत होतं. त्यांनी पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं, आणि खुर्ची ओढून माझ्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले. मला म्हणाले, “जाऊ दे रे. मी वाजवतो, तू नुसती गिटार धर.” माझी लाज राखायला निघालेले. टेकवायला टेबल नव्हतं, खुर्चीला हात नव्हते. त्यांनी सवयीनं क्लॅरिनेटचं खालचं तोंड जे समोर होतं त्यावर टेकवलं. माझ्या गिटारीच्या फळीवर. डोळे मिटले आणि आमची चाल सुरू केली.

मीही खाली न बघता तारांवर बोटं टाकली. नुसतंच, सवयीनं. टिक् टिक्.

मास्तरांचा सूर तुटला. त्यांनी डोळे उघडले. क्लॅरिनेट तोंडात तसंच, दातांत धरलेलं. माझ्याकडं बघितलं, गिटारीकडं बघितलं. मानेनंच खूण केली, परत.

मी परत कॉर्ड छेडला. मास्तरांची भुवई वर गेली. दुसरा छेडला. त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. लाकडातून क्लॅरिनेटमध्ये, क्लॅरिनेटमधून दातांत, दातांतून कवटीत. भरीव, घट्ट, तीन पिढ्या तेल पिऊन मुरलेलं लाकूड, आत सूर मुक्कामाला थांबायला एक बोटभर जागा नाही. सगळाच्या सगळा सूर सरळ त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात जात होता.

मास्तरांनी चाल पहिल्यापासून धरली. मी मागनं निघालो. लोकांना नुसतं क्लॅरिनेट ऐकू येत होतं. मला ते आणि माझी टिकटिक. पण मास्तर माझ्यासाठी थांबत होते. मी रेंगाळलो की रेंगाळत होते, मी पुढं झालो की मागं येत होते. किती दिवसांनी! ती जागा जवळ आली, मान खाली घालायची, आणि माझा हात धाडकन् पडला तो मेजरवर.

मास्तरांनी तोंडातलं क्लॅरिनेट काढलं. फेटा मागं सरकला. अख्ख्या तालमीला, गल्लीला आणि म्हशीला ऐकू जाईल असे गर्जले,

“मायनर रे गाढवा! मायनर!”

आकाराम वस्ताद ताडकन् उठले. “साहेब, म्हातारं माणूस हाय, पावणा हाय, म्हणून सोडतोय. भर तालमीत तुमास्नी गाढव म्हणतोय त्यो! आणि तुमी रडताय व्हय?”

“रडत नाही,” मी म्हटलं. “डोळ्यात एरंडेल गेलंय. खाली बसा आणि गप्प राहा.”

मास्तरांनी फेटा काढून बाजूला ठेवला, क्लॅरिनेटचं तोंड परत फळीवर टेकवलं आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारली. “पहिल्यापासून घे. लक्ष कुठं असतं तुझं?”

मी पहिल्यापासून घेतलं. नीट घेतलं, सावकाश, एकही बोट न चुकवता. आणि ती जागा आली तेव्हा मुद्दाम, चांगला ठोकून, मेजर वाजवला.